भट्टीवरच्या शिट्ट्या

आमच्या गॅलरीत कपडे कमी आणि कॅन जास्त वाळत असतात. बाबांनी कठड्याला ओळीने लाकडी काड्या ठोकून दिल्या आहेत आणि प्रत्येक काडीवर थंड पेयाचा एकेक रिकामा कॅन उलटा खोचलेला असतो. लांबून पाहिलं तर वाटतं, कुणाच्या तरी रंगीबेरंगी टोप्याच वाळत घातल्यात. मी लहानपणापासून समजत होते की हा आईच्या टापटिपीचा भाग आहे. आमच्या घरात चपलासुद्धा कवायतीला उभ्या केल्यासारख्या लागतात, मग कॅनची काय बिशाद वाकडं उभं राहायची. त्या काड्यांचं खरं काम मला गेल्या महिन्यापर्यंत ठाऊक नव्हतं. आणि ते ठाऊक नसल्यामुळे आईच्या हाती येत असलेली भट्टी जवळजवळ निसटलीच होती.

आई जिथे काम करते, तिथे जुने ॲल्युमिनियमचे कॅन वितळवून त्यांच्या विटा पाडतात. म्हणजे कोणीतरी कोपऱ्यावर उभं राहून थंडगार काहीतरी पितं, कॅन टाकून देतं, आणि तो फिरत फिरत आईकडे येतो. मी चालायला लागल्यापासून आई तिथे प्रेस चालवायची. मोकळ्या कॅनचा ढीग प्रेसच्या तोंडात घालायचा, कळ दाबायची, की दुसऱ्या बाजूने चौकोनी गठ्ठा बाहेर. पण तिचा डोळा होता भट्टीवर. "प्रेस म्हणजे कणीक तिंबणं," ती म्हणायची. "खरा स्वयंपाक भट्टीवर."

भट्टीवर उस्तादांचं राज्य. त्यांचं खरं नाव कुणाला आठवत नाही, बहुतेक त्यांनाही नसावं. एवढी वर्षं आगीसमोर उभं राहून त्यांच्या भुवया गेल्या त्या परत आल्याच नाहीत, त्यामुळे त्यांचा चेहरा कायम आश्चर्य वाटल्यासारखा दिसतो, मग ते कितीही चिडलेले असोत. कारखान्यात मोठी नवी भट्टी आली तेव्हा उस्ताद तिकडे जाणार हे ठरलं, आणि जुन्या भट्टीला माणूस हवा होता. आईने हात वर केला. बाकी कुणी केला नाही. उस्ताद म्हणाले, "बघू."

त्यांचं बघणं म्हणजे परीक्षा, आणि तिची रीत ठरलेली. उमेदवाराने एक अख्खा घाणा एकट्याने काढायचा. माल घालण्यापासून विटा ओतण्यापर्यंत सगळं. उस्ताद शेजारी हात मागे बांधून उभे राहणार. तोंडाने ते काहीही बोलतील, खरं-खोटं, सरळ-वाकडं. पण त्यांचे हात पुढे आले, म्हणजे काही सावरायला त्यांना मध्ये पडावं लागलं, की परीक्षा संपली. मग पुढची संधी कधी, तर उस्तादांच्या मर्जीने. आणि त्यांच्या मर्जीला कॅलेंडर नाही. आईच्या आधी एका काकांनी दिली होती परीक्षा. ते अजून ट्रकमधून माल उतरवतात.

तेव्हापासून आमच्या घरात आई झाडू घेऊन बादलीसमोर उभी. बादलीत साबणाचा फेस. भट्टीत धातू वितळला की दुधावर साय यावी तशी त्यावर मळी येते, ती लांब दांड्याच्या झाऱ्याने अलगद ओढून घ्यायची असते, खालचा धातू न हलवता. आई झाडूने फेस ओढायची आणि बाबा तिच्या अंगावर कातड्याचा ॲप्रन चढवून टाचण्या लावायचे. कारखान्याने दिलेला ॲप्रन उस्तादांच्या मापाचा होता, आईला तो तंबूसारखा व्हायचा. बाबांचा धंदा गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचा, म्हणून कातडं त्यांना नवं नव्हतं.

"हलू नकोस गं, टाचणी टोचेल."

"हलले नाही तर मळी कशी काढू?"

"भट्टी तुझ्याकडे चालत येईल. मला वचन दिलंय तिने."

आता माझं. मागच्या वर्षापर्यंत शाळेत मला सगळे "मिणमिण" म्हणायचे, कारण मी हजेरीला उत्तर दिलं तरी बाई गैरहजेरी लावायच्या. मग एक दिवस प्रार्थनेच्या वेळी मला प्रकल्पाची माहिती वाचायची होती आणि माईक बंद पडला. अख्खी शाळा समोर, मागच्या रांगा खिदळतायत. मला काय झालं कुणास ठाऊक, मी पोटातून ओरडून सगळं वाचलं. रस्त्यापलीकडच्या दुकानदाराने दुसऱ्या दिवशी मला त्यातला एक मुद्दा विचारला. तेव्हापासून मी थांबलेलेच नाही. बाबा म्हणतात, "हिच्या नळाचा वायसर गेलाय." जाऊ दे गेला तर. मला आवडतंय.

तर आमच्या विज्ञानाच्या बाईंनी कारखान्याला भेट द्यायचं ठरवलं, आणि तारीख निघाली नेमकी आईच्या परीक्षेची. उस्तादांनी ती बदलली नाही. "माणसं बघत असताना काम होत नसेल तर ते काम नव्हे," म्हणाले. मग मी म्हटलं, आपण रिकाम्या हाताने का जायचं? आपण कॅन गोळा करू. आईच्या पहिल्या घाण्यात आपल्या शाळेचे कॅन.

आईला ते इतकं आवडलं की तिने हिशेबातच धरलं. त्या आठवड्यात सगळे गठ्ठे मोठ्या भट्टीने खाल्ले होते. जुन्या भट्टीतली मूस, म्हणजे धातू वितळवायचं ते दणकट भांडं, काठापर्यंत भरल्याशिवाय उस्ताद घाणा धरत नाहीत. आईच्या वाट्याला आलेला माल होता अर्ध्या मुशीचा. "उरलेला अर्धा तुझी शाळा," ती मला म्हणाली. "फक्त धुवून आणा बरं. चिकट कॅन आणलेत तर मुंग्या तुमच्याआधी पोचतील."

मी घोषणाच करून टाकली. धुवा, तुडवा, आणा. "तुडवा" माझं नाही, ते पीटीच्या सरांचं. पोती कमी पडू नयेत म्हणून त्यांनी मैदानावर कवायतच सुरू केली. नळावर कॅन विसळायचा, रांगेत ठेवायचा, सरांची शिट्टी वाजली की सगळ्यांनी एकदम टाचेने चेपायचा. अख्खी नववी एका ठेक्यात नाचतेय आणि खाली कॅनचे पापड होतायत. सातवीतली मुलं खिडकीतून बघून रडकुंडीला आली, आम्हालाही तुडवू द्या म्हणून. माझी मैत्रीण पेन्सिल, तिला पेन्सिल का म्हणतात ते ती आडवी झाली तरी दिसतं, म्हणाली, "इतकी वर्षं शाळेत येतेय, पाय आपटल्याबद्दल शाबासकी पहिल्यांदाच मिळाली."

भेटीच्या दिवशी कारखान्यात आम्हाला पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे, जाळीमागे उभं केलं. पंख्यांची घरघर एवढी की कारखान्याच्या माणसाचं बोलणं त्याच्या मिशीपर्यंतही पोचत नव्हतं. बाई माझ्याकडे वळल्या. "तू सांग. तुझा आवाज पोचेल."

मग काय, मी सांगितलं. आधी चुंबक, ते बघा, पट्ट्यावर टांगलेलं. लोखंडी डबे उडून त्याला चिकटतात आणि ॲल्युमिनियम शहाण्यासारखं खालून निघून जातं. मग प्रेस. मग तो भट्टीशेजारचा लोखंडी कट्टा, धुराच्या नळकांड्याला टेकलेला, तिथे माल आधी तापवून घेतात. मग मूस. कॅनवरचा रंग आगीत जळून जातो, त्याचा धूर वर ओढून गाळतात. रंग जातो, अक्षरं जातात, कोणत्या चवीचा होता तेही जातं, उरतो नुसता धातू. त्याच्या विटा दुसऱ्या कारखान्यात जातात, तिथे लाटून पत्रा होतो, पत्र्याचा पुन्हा कॅन. कितीही वेळा करा, ॲल्युमिनियम कंटाळत नाही. आणि दगडातून नवं काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साधारण विसाव्या हिश्शात हे होतं.

"म्हणजे मी आज प्यायले," पेन्सिल म्हणाली, "तो कॅन आधी कुणीतरी पिऊन झालेला असेल?"

"असू शकतो."

"शी. उष्टा."

जाळीपलीकडे आई होती. डोक्यावर हेल्मेट, तोंडावर काच, बाबांनी अंगाबरोबर बसवलेला ॲप्रन. ती मला इतकी उंच कधीच वाटली नव्हती. तिने तिच्या वाटचा माल घातला होता आणि तो वितळून गेला होता, मुशीच्या तळाशी नारिंगी उजेड हलत होता. बाजूला उस्ताद, हात मागे. बाबाही आले होते, दाराशी, हत्यारांची पिशवी खांद्याला लावून. ॲप्रनचा एखादा बंद तुटलाच तर, असं ते म्हणत होते. सकाळपासून त्यांनी तिन्ही बंद ओढून ओढून स्वतःच अर्धे तोडले होते.

आईने हात वर केला. "शाळेचा माल."

मी पहिलं पोतं ओढत पिवळ्या पट्ट्यापर्यंत नेलं. पीटीच्या सरांनी फोटोसाठी सगळ्यांना सरळ उभं केलं. आईने काच वर केली, पोत्यातून एक चपटा कॅन उचलला आणि कानाशी धरून हलवला.

मग दुसरा उचलला. मग पोत्यात खोल हात घालून तिसरा. माझ्याकडे बघून जरा हसेल असं मला वाटत होतं. ती हसली नाही. तिने पोत्याचं तोंड बंद केलं.

"हे धुतलेत?"

"सगळे," मी म्हटलं. "चकाचक."

"चेपले कधी?"

"धुतल्या धुतल्या. सरांनी शिट्टी मारली की आम्ही..."

"वाळवले कधी?"

जाळीमागे सगळ्यांना एकदम आपापल्या बुटांत काहीतरी दिसलं. मला राग आला. खरंच आला, कारण एवढी मेहनत, आणि सगळ्यांसमोर. "तू कुठे सांगितलंस वाळवायचं? धुवून आणा म्हणालीस."

"रोज तुझ्या नाकासमोर वाळवते की गं. काड्यांवर मी काय टोप्या घालते कॅनना?"

तेव्हा माझ्या डोक्यात ती गॅलरी पहिल्यांदा उजळली. उलटे कॅन. तोंड खाली. थेंब थेंब. मी रोज त्यांच्यासमोर उभं राहून दात घासते.

उस्ताद पुढे सरकले. हात मागेच. "ताई, पोरांनी हौसेने आणलंय. टाका चार वरच्या वर. फोटो निघेल."

"नाही," आई म्हणाली.

"तापवून टाका मग. कट्टा आहे की."

"पोट बंद आहे त्यांचं. आतलं पाणी कट्ट्यावर बाहेर पडणार कुठून? मुशीत जाऊन पडेल."

"मूस अर्धी आहे तुमची." उस्ताद वर छताकडे बघत बोलले. "अर्धा घाणा मी घाणा धरत नाही, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. नका धरू."

एवढंच बोलली ती, आणि काच खाली घेतली. म्हणजे झाडू, बादली, टाचण्या, सगळं गेलं, आणि तेही आम्ही ठेक्यात नाचत तुडवलेल्या पोत्यांमुळे. पेन्सिलने माझा हात धरला. तिचा हात गार होता.

"पण थोडंसं पाणी तर आहे," मागून कुणीतरी पुटपुटलं. "चमचाभर."

"चमचाभरच पुरतं," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, तरी त्या शिकवायच्या राहिल्या नाहीत. "पाणी वितळलेल्या धातूखाली गेलं की क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या हजारपटीहून जास्त जागा लागते. ती जागा ती कुठून घेणार? वरचा धातू उडवून." त्यांनी सगळ्या वर्गाला दोन्ही हातांनी आणखी एक पाऊल मागे ढकललं. "फोटो राहू द्या, सर."

सरांनी मोबाईल खिशात टाकला. मी दाराकडे बघितलं, बाबांचं काय झालंय ते बघायला. बाबा ॲप्रनच्या बंदाकडे बघत होते, आईला काही सांगता येत नाही म्हणून निदान बंद तरी धरून ठेवावा असं त्यांच्या डोळ्यांत होतं. आणि त्यांच्या शर्टाच्या खिशाला, नेहमीसारखं, एक दाभण खोचलेलं होतं. कातड्याला भोक पाडायचं, लाकडी मुठीचं.

"आई," मी ओरडले. पंखे बिंखे सगळे भेदून गेला माझा आवाज, उस्तादसुद्धा दचकले. "पोटाला भोक पाडलं तर?"

आई वळली. काच वर. तिने क्षणभर कॅनकडे पाहिलं, मग कट्ट्याकडे, मग मुशीकडे.

"एक नाही," ती म्हणाली. "दोन. दोन्ही टोकांना. हवा शिरायला एक, वाफ निघायला एक. एकही कॅन सुटता कामा नये. मी ज्योत बारीक करते. पण मूस फार वेळ वाट बघत नाही, मळी धरत जाते. पळा."

आम्ही पळालो. पलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाबांनी पिशवी उलटी केली. त्यांच्याकडे कातड्यात गुंडाळलेली दाभणांची अख्खी गुंडाळी होती, बारीक, जाड, वाकडं, आजोबांच्या वेळचं. कारखान्याने जाड हातमोजे दिले, ते आमच्या हातांत कणगीएवढे. बाबा घरात फारसे बोलत नाहीत, पण तिथे त्यांना कंठ फुटला.

"ढकलायचं नाही. टेकवायचं आणि फिरवायचं. ढकलाल तर निसटून मांडीत जाईल. तू, उंच मुली, मांडीवर नको धरूस. फळीवर ठेव."

"काका, ही माझी मांडी नाही," पेन्सिल म्हणाली. "ही फळीच आहे. बघा नीट."

पीटीच्या सरांनी बाह्या वर केल्या आणि तिघातिघांचे गट पाडले. एकाने फळीवर कॅन धरायचा, एकाने भोकं पाडायची, तिसऱ्याने उलटा झटकायचा, बाईंनी तपासून टोपलीत टाकायचा. झटकलेल्या पाण्याने शेडची फरशी बघता बघता ओली झाली. एवढं पाणी. मला त्या फरशीकडे बघवेना. मी जास्त जोरात आकडे ओरडायला लागले, कुणी विचारत नसतानाही.

"मिणमिण," एक मुलगा म्हणाला, "तू पूर्वी बरी होतीस."

"फिरव," मी म्हटलं. "बोलू नकोस, फिरव."

पहिली टोपली आईने कट्ट्यावर पसरली. काही वेळ काहीच झालं नाही. आम्ही जाळीला नाकं लावून उभे. मग एक बारीक आवाज आला, एखादं पाखरू गळा साफ करतंय असा. मग दुसरा, जरा वरच्या सुरात. मग कट्ट्यावरचे सगळे कॅन शिट्ट्या मारायला लागले. एकेका भोकातून वाफेची पांढरी रेघ आणि प्रत्येकाचा सूर वेगळा, कुणी किरटा, कुणी घोगरा, एक तर मध्येच अडखळून पुन्हा सुरू व्हायचा. भट्टी शिट्ट्या मारतेय आणि अख्खी नववी तोंड उघडं टाकून ऐकतेय.

"किती शिट्ट्या करायच्या, आई?" मी ओरडून विचारलं.

"सगळ्या," ती म्हणाली.

त्यावर जाळीमागे जे हसू फुटलं, ते पंख्यांच्या वर गेलं. उस्तादांच्या तोंडाच्या कोपऱ्यातही काहीतरी हललं, पण भुवया नसल्यामुळे ते हसू होतं की ठसका, सांगता येत नाही.

हळूहळू शिट्ट्या विरल्या. मला वाटलं, झालं. सरांना वाटलं, झालं. "टाका आता," उस्तादही म्हणाले. "मळी चढतेय तुमची."

आईने मुशीत डोकावलं. मळी चढत होती, मलाही दिसत होतं, नारिंगी उजेडावर राखाडी साय जाड होत चालली होती. पण ती कट्ट्याजवळ गेली, चिमट्याने एक कॅन उचलला, उलटा केला, परत ठेवला.

"शिट्टी थांबली म्हणजे पाणी संपलं असं नाही," ती म्हणाली. "शिट्टी मारण्याएवढा जोर संपला. अजून थोडं."

ते थोडं किती होतं, देव जाणे. मी उस्तादांच्या पाठीकडे बघत होते, कारण आम्ही उभे होतो तिथून त्यांचे बांधलेले हात दिसायचे. उजव्या हाताची मूठ घट्ट, डाव्याने तिला मनगटाशी पकडलेलं. अचानक पकड सुटली. उजवा हात बाजूला आला. बाबांनी पिशवी खाली टाकली, आतली दाभणं खणखणली. उस्तादांचा हात कमरेपर्यंत गेला, तिथे त्यांनी मुठीनेच जोरजोरात पाठ खाजवली, आणि हात परत मागे बांधला.

"मी मेले," पेन्सिल म्हणाली. "मला इथेच वितळवा."

आणि मग आईने तापलेले कॅन मुशीत सोडायला सुरुवात केली. एकदम नाही, थोडे थोडे, कडेने. रंग भडकून जळायचा, एक हिरवी झळ, एक निळी, आणि कॅन बसल्या जागी मऊ होऊन बुडायचा. लांब दांड्याने ती त्यांना हळूच खाली दाबायची. काही उडालं नाही, काही तडतडलं नाही. मूस भरत आली, आणखी भरली, काठाला आली. मग तिने झारा घेतला. मी डोळे मिटून सांगू शकले असते ती आता काय करणार, इतका तो झाडू आणि बादली मी पाहिली होती. अलगद कडेने, खालचं न हलवता. जाड राखाडी साय एका बाजूला सरकली आणि खाली आरसा निघाला. पातळ, थरथरता, चंदेरी आरसा. मागे कुणीतरी "आई गं" म्हणालं. मला वाटलं मीच, पण ते पीटीचे सर होते.

चाक फिरवून तिने मूस कलती केली. एकामागून एक साचे भरले. ॲल्युमिनियम ओततानाही आवाज करत नाही. एवढी गडबड करून आलेले आमचे कॅन एक शब्द न बोलता विटा होऊन बसले.

शेवटचा साचा भरला, चाक परत फिरलं, आईने काच वर केली. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले.

उस्तादांचे हात पुढे आले. नववीचा अर्धा वर्ग 'हात, हात!' म्हणून ओरडला, बाकीच्या अर्ध्याने त्यांना गप्प बसायला सांगितलं, की घाणा संपलाय, आता चालतं. उस्तादांनी उजवी मूठ उघडली. तिच्यात खडू होता. प्रत्येक भट्टीवाल्याची स्वतःची खूण असते, ती तो आपल्या विटांवर काढतो, म्हणजे वीट कुणाच्या हातची ते पुढच्याला कळतं. उस्तादांची आहे मिशी. सकाळपासून ते तो खडू मुठीत धरून उभे होते.

"घाला खूण," ते म्हणाले. "बघता काय."

आईने हातमोजा काढून खडू घेतला आणि तो तिच्या बोटांत मऊ पडून चिरडला. उस्तादांच्या घामाने त्याचा लगदा झाला होता.

आईने लगद्याकडे पाहिलं. मग उस्तादांकडे.

"हा ओला आहे, उस्ताद," ती म्हणाली. "असा नाही चालायचा. आधी वाळवून आणा."

उस्ताद हसले तेव्हा कळलं की त्यांच्या चेहऱ्याला भुवयांची मुळीच गरज नाही. खडू बाईंच्या पर्समध्ये सापडला, कोरडा ठणठणीत. खूण काय काढायची याचा आईने कधी विचारच केला नव्हता, म्हणून मी जाळीमागून ओरडून सांगितलं. तिने विटा निवल्यावर काढली, काडीवर उलटा कॅन. तिची चित्रकला बेताची आहे. तेव्हापासून कारखान्यात सगळे त्या विटांना आळंबीच्या विटा म्हणतात आणि आईला ते अजिबात आवडत नाही.

निघताना मी उस्तादांना गाठून विचारलंच. "तुम्ही खरंच टाका म्हणत होतात, की ती परीक्षा होती?"

"भूक लागलीय मला," उस्ताद म्हणाले आणि निघून गेले.

आमच्या शाळेच्या कुंपणाला आता बाबांनी काड्या ठोकून दिल्यात. मधल्या सुट्टीत सगळे कॅन विसळून उलटे खोचतात, आणि वाळल्याशिवाय पीटीचे सर कुणाला तुडवू देत नाहीत. रोज सकाळी ते स्वतः एकेक कॅन कानाशी धरून हलवत जातात. सातवीतली मुलं रांग लावून टाच वर करून तयार उभी असतात, आणि सरांच्या तोंडात शिट्टी असते, पण ते ती वाजवत नाहीत. अजून थोडं, म्हणतात.